वेदपाठशाळेत गुरुजींनी मिळून शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातली छोटी पाठशाळा, वीस-बावीस मुलं, ऋग्वेदाचे दोन गुरुजी, एक वयाने मोठे आणि एक नवीन (प्रश्न यांचाच), शिवाय इंग्रजी-गणिताला जवळच्या हायस्कूलमधून येणारे एक सर. मुलं पाठ करतात पण चार महिन्यांनी मागचं उडालेलं असतं, दोन गुरुजींकडे शिकणाऱ्या मुलांचं मंत्र म्हणणं एकमेकांशी जुळत नाही, सरांना वाटतं आपल्याला इथे कोण विचारतो, आणि ट्रस्टी म्हणतायत शिक्षक प्रशिक्षण शिबिर लावू. तर सगळ्यांनी मिळून शिकवणं सुधारायचं म्हणजे नक्की काय करायचं, आणि ते मोठ्या गुरुजींना न दुखावता कसं?

मी स्वतः बरीच वर्षं संथा दिली, म्हणजे म्हणून दाखवून मुलांकडून मंत्र पाठ करून घेतले, आता दापोली ते रत्नागिरी या पट्ट्यातल्या पाठशाळांमध्ये परीक्षेला आणि असाच मदतीला जातो, त्यामुळे हे डोळ्यासमोर घडलेलं सांगतोय.

शिबिराचं आधी बोलून टाकतो. शिबिर वाईट नसतं, ओळखी होतात, जेवण चांगलं असतं, प्रमाणपत्र मिळतं. पण तीन दिवस प्रोजेक्टरवर बघितलेलं घेऊन माणूस पाठशाळेत परत येतो आणि सकाळी सहाला समोर तीच मुलं, तोच वर्ग, आणि तो परत एकटाच. आपल्याकडे गुरुजी शिकवतात कसं हे दुसऱ्या गुरुजींनी कधी बघितलेलंच नसतं. एकाच ओसरीच्या दोन टोकांना वीस वर्षं शिकवणारी माणसं मला माहिती आहेत ज्यांनी एकमेकांची संथा कधी बसून ऐकलेली नाही, ऐकू येते ती गोष्ट वेगळी. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की शिबिराचे पैसे ठेवा बाजूला, आणि एका मुलाचं म्हणणं दोन गुरुजींनी एकत्र बसून ऐका. बाकी सगळं त्यातून निघतं.

उदाहरण देतो म्हणजे कळेल. अगदी पहिली ऋचा घ्या, अग्निमीळे पुरोहितं. संहितेत, म्हणजे सलग मंत्र म्हणताना, 'मी' स्वरित (मुख्य स्वर उदात्त, त्याच्या पुढच्या अक्षरावर वर जाणारा तो स्वरित) येतो आणि 'ळे' त्याच्यामागे सपाट जातो. तेच पदपाठात, म्हणजे शब्द सुटे करून म्हणताना, 'ईळे' सुटं झालं की दोन्ही अक्षरं अनुदात्त, म्हणजे खालच्या स्वरात, पोथीत खाली दोन आडव्या रेघा. आणि क्रमात, म्हणजे दोन-दोन पदांच्या जोड्या म्हणण्यात, गेलात की 'ईळे पुरोहितम्' अशी जोडी नव्याने सुरू होते, तिथेही 'ईळे' खालीच. आता एक मुलगा क्रम म्हणताना इथे 'ई' वर नेतो. एका ठिकाणी आम्ही असंच रेकॉर्डिंग लावून ऐकलं तर मोठे गुरुजी पटकन म्हणाले, पोराला कान नाही, शंभर आवृत्त्या करून घ्या. दुसरे गुरुजी म्हणाले, कान आहे हो, तो संहितेची चाल घेऊन क्रमात आलाय. संहितेत 'ई' वर जात होता कारण मागे 'अग्निम्' चा उदात्त होता, इथे तो मागचा उदात्तच राहिला नाही तर स्वरित येणार कुठून, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. मुलाला बोलावून पाच मिनिटं बोटाने दाखवलं, पोथी उघडून रेघा दाखवल्या, आणि त्याने पुढच्या दोन ऋचांमधल्या तशाच जागा स्वतःहून बरोबर म्हटल्या. शंभर आवृत्त्या केल्या असत्या तर ती एक जागा सुधारली असती, पुढच्या सूक्तात परत तेच. आता गंमत म्हणजे मोठ्या गुरुजींना हे सगळं माहिती होतंच, माझ्यापेक्षा चांगलं माहिती होतं, फक्त चूक ऐकल्याबरोबर त्यांचा हात सवयीने आवृत्तीकडे जायचा. दुसरा माणूस शेजारी बसला की ती सवय मोडते. म्हणून दोघं लागतात.

वेळ कुठून काढायचा हा पुढचा प्रश्न असतो, आणि याचं उत्तर आपल्या परंपरेतच आहे. अनध्याय! अष्टमीला, चतुर्दशीला, प्रतिपदेला बहुतेक पाठशाळांत नवी संथा देत नाहीत. मुलं कपडे धुतात, क्रिकेट खेळतात, गुरुजी घरची कामं उरकतात. महिन्यातल्या दोन अष्टम्या धरा, सकाळी तास दीड तास, सर्व शिकवणारे एकत्र, सरसुद्धा. वेगळी मीटिंग ठरवायला नको, तारीख शोधायला नको, कालनिर्णय भिंतीवर आहेच. मी हे जिथे जिथे सुचवलं तिथे वेळेची तक्रार बंद झाली. तिथे करायचं एकच, आदल्या आठवड्यात मोबाईलवर घेतलेलं एका मुलाचं पाच-सात मिनिटांचं म्हणणं ऐकायचं, आधी प्रत्येकाने न बोलता कागदावर खुणा करायच्या, मग कागद शेजारी शेजारी ठेवायचे. जिथे खुणा जुळत नाहीत तिथेच खरं बोलणं सुरू होतं. एक पथ्य मात्र पाळा, ते रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, पालकांच्या तर नाहीच नाही. मुलाची चूक गावभर फिरली की पुढच्या वेळी कुठलाच मुलगा मोकळेपणी म्हणणार नाही.

मोठ्या गुरुजींचं काय. इथे बरेच नवीन गुरुजी घाई करतात, मी तुमच्या वर्गात येऊन बसतो म्हणतात आणि मग तीन महिने अबोला. उलटं करा. "गुरुजी, माझी मुलं तुम्ही एकदा ऐकता का, मला एका जागी शंका आहे" असं म्हणून आधी आपला वर्ग उघडा. ज्येष्ठ माणसाला ऐकायला बोलावलं तर तो नाही म्हणत नाही, त्यात त्याचा मान आहे आणि तुमचा फायदा. आणि मुलांसमोर एकमेकांचं काही सुधारायचं नाही, अगदी उघड चूक दिसली तरी, ती संध्याकाळी.

आता म्हणणं जुळत नाही हा तुमचा दुसरा मुद्दा. यात दोन गोष्टी मिसळल्यात त्या वेगळ्या करा. एक म्हणजे गुरुपरंपरेचा फरक. एक गुरुजी पुण्याकडे शिकलेले, दुसरे गोकर्णाकडे, तर लय, थांबण्याच्या जागा, आवाज टाकायची पद्धत वेगळी असणारच, ती एक करायच्या भानगडीत पडू नका, फुकट भांडणं होतील. मुलाने घेतलेला ग्रंथ पुरा होईपर्यंत संथा एकाच गुरुजींची. दुसरी गोष्ट म्हणजे सरळ चूक, स्वर गेला, अक्षर गळलं, ऱ्हस्व-दीर्घ हललं, ही कुठल्याच परंपरेत बरोबर नसते आणि ती कोणीही दाखवू शकतो. अष्टमीच्या बैठकीत पहिल्याच वेळी हे दोन रकाने करा, बरेचसे वाद पहिल्या रकान्यात जाऊन गप्प होतात. कोकणात तर ऋग्वेदी आणि हिरण्यकेशी तैत्तिरीय (कृष्ण यजुर्वेदवाली) दोन्ही घराणी, काही पाठशाळांत दोन्ही शाखा शिकवतात. तिथे एका शाखेच्या गुरुजींनी दुसऱ्या शाखेचा स्वर काढून दाखवायचा नाही हे बरोबरच आहे, पण ते बसून मुलं तर बघू शकतात ना. सामुदायिक म्हणण्यात दोन पोरं ओढतात आणि चार नुसते ओठ हलवतात, हे संथा देणाऱ्याला कधीच दिसत नाही कारण त्याचं लक्ष मंत्रावर असतं. आमच्याकडे पावसात पत्र्यावर असा धबाबा आवाज असतो की जुलैमध्ये ओठ हलवणाऱ्यांची चांदीच असते. बाजूला बसलेला माणूस पाच मिनिटांत नावं सांगतो.

विसरण्याबद्दल. पाठशाळेच्या भिंतीवर हमखास एक श्लोक असतो, आचार्यात् पादमादत्ते पादं शिष्यः स्वमेधया, पादं सब्रह्मचारिभ्यः पादं कालक्रमेण च. पाव भाग गुरूकडून, पाव स्वतःच्या बुद्धीने, पाव सोबतच्या मुलांकडून, पाव काळाच्या ओघात. भिंतीवर आहे, वेळापत्रकात बघा, तिसरा पाव आहे का कुठे? सकाळी संथा, मग घोकणं, मग जेवण, मग शाळेचे विषय, मग परत घोकणं, संध्या, झोप. सब्रह्मचारी शेजारी बसलेला असतो पण त्याच्याशी अभ्यासाचं बोलायला मुभा नाही, बोलला तर दंगा.

याबाबतीत मला सगळ्यात उपयोगी गोष्ट कळली ती आपल्या लोकांकडून नाही, दाभोळच्या बाजूच्या, कुराण तोंडपाठ असलेल्या एका हाफिजसाहेबांकडून. दाभोळ-धोपावे फेरीबोटीला गाडी लावून थांबलो होतो, ओळख निघाली, दोघंही पोरांकडून पाठ करून घेणारे, मग काय, पलीकडच्या धक्क्यावर उतरून चहा झाला. त्यांच्या हिफ्जमध्ये, म्हणजे कुराण पाठ करण्यात, रोजच्या कामाचे तीन भाग ठरलेले असतात. सबक म्हणजे आजचा नवा धडा, सबकी म्हणजे अलीकडे झालेला भाग, आणि मंझिल म्हणजे जुनं पाठ झालेलं, त्याचा रोजचा ठरलेला हिस्सा. तिन्ही ऐकवल्याशिवाय दिवस संपत नाही आणि मंझिल कच्ची निघाली तर नवा सबक थांबतो. उस्तादांकडे जायच्या आधी मुलं एकमेकांना ऐकवतात. रमजानात तरावीहला, म्हणजे रात्रीच्या नमाजाला, पुढे पढणाऱ्या हाफिजच्या मागे दुसरा हाफिज सामे (ऐकणारा) म्हणून उभा असतो, चुकलं की तिथल्या तिथे लुकमा देतो, म्हणजे बरोबर काय ते सुचवतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे नवी संथा रोज आणि उजळणी "जमेल तशी", तिथेच घोळ आहे. ऋग्वेदात १०२८ सूक्तं, दहा हजारांवर ऋचा, ६४ अध्याय, एवढं डोक्यात जिवंत ठेवायचं म्हणजे जुन्याला रोजचा हिस्सा ठरवून द्यायलाच लागतो आणि तो ऐकायला दोन गुरुजी कधीच पुरणार नाहीत. मुलांच्या जोड्या लागतील.

जोड्या लावताना एक नियम काटेकोर पाळा. नवी संथा मुलाने मुलाला द्यायची नाही, कधीच नाही. चुकीचा स्वर एकदा बसला की काढायला महिने जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. हल्ली सहकारी शिक्षण म्हणून सगळंच मुलांवर सोडायची एक टूम आहे, ती इथे चालणार नाही. जोडी फक्त जुन्यासाठी, आणि ऐकणाऱ्याचा तो भाग गुरुजींकडे परीक्षा देऊन पक्का झालेला हवा. त्याने पोथी हातात धरून ऐकायचं, चुकल्या जागी पेन्सिलने बारीक टिंब, बस. सुधारायचं सुद्धा नाही, फक्त टिंब. आठवड्याने ती टिंबं बघितली की अख्ख्या वर्गाचा नकाशा तयार मिळतो, कुठल्या वर्गात (म्हणजे ऋचांच्या गटात, शाळेच्या वर्गात नव्हे) कुठल्या ऋचेला सगळे घसरतात ते. तेच पान अष्टमीच्या बैठकीला न्यायचं. आणि शनिवारी शलाका करा, पोथीत काडी घालायची, उघडेल तिथून म्हणायचं, काडी मुलांनी मुलांसाठी घालायची. पोरं असली खवट असतात की बरोबर मित्राची कच्ची जागा शोधून काडी घालतात, परीक्षकाला जमणार नाही असं.

सरांचा मुद्दा सगळे सोडून देतात म्हणून मुद्दाम लिहितो. उज्जैनचं महर्षि सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान १९८७ मध्ये सुरू झालं, त्यांच्या वेदभूषण-वेदविभूषण अभ्यासक्रमात इंग्रजी, गणित असे विषय आले, वेदभूषण दहावीच्या आणि वेदविभूषण बारावीच्या बरोबरीने धरतात. पोरांच्या पुढच्या आयुष्यासाठी हे फार चांगलं झालं. पण पाठशाळेत सर म्हणजे दुपारी येऊन जाणारा पाहुणा राहिला. त्यांना घनपाठाच्या वर्गात बसवा. घन म्हणजे पदं उलटसुलट फिरवून म्हणणं, एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, म्हणजे एका घनात तेरा पदं. पहिल्या ऋचेच्या पहिल्या अर्ध्यात सहा पदं, त्यात पूर्ण घन चार. मग विचारा, 'यज्ञस्य' हे चौथं पद या चार घनांत मिळून किती वेळा येईल? वेष्टनं (मध्ये 'इति' घालून पद परत म्हणतात ती) वगळून तेरा वेळा, एका घनात शेवटचं म्हणून तीन, पुढच्यात मधलं म्हणून पाच, त्यापुढच्यात पहिलं म्हणून पाच. हे मुलांनी कागदावर काढलं की दोन गोष्टी होतात. गणिताचा कंटाळा जातो, आणि घन म्हणताना कुठे आलोय हे त्यांना कळायला लागतं, नुसत्या चालीवर वाहत जात नाहीत. एक सर तर हे करता करता स्वतःच क्रम शिकायला लागले! अशा माणसाला मग बैठकीला या म्हणून सांगावं लागत नाही.

अर्थाचं बोलू का थोडं, कारण यावर लगेच दोन गट पडतात. पाणिनीय शिक्षेत, म्हणजे उच्चाराच्या जुन्या ग्रंथात, वाईट पाठकाची सहा लक्षणं दिलीत, गाणं केल्यासारखं म्हणणारा, घाई करणारा, मान हलवणारा, लिहिलेलं बघून वाचणारा, अर्थ न कळणारा आणि बारीक आवाजाचा. आपण पहिल्या चारांवर मुलांना रागावतो, पाचव्याबद्दल गप्प. सगळ्याचा अर्थ शिकवा असं मी म्हणत नाही, वेळच नाही तेवढा, पण मुलं पुढे याज्ञिकीत, म्हणजे पूजाविधी करण्यात, जाणार आहेत तर निदान जे प्रयोग (विधी) करणार त्याचं सांगता यायला पाहिजे. इथे ख्रिस्ती सेमिनरींची एक पद्धत घेण्यासारखी आहे. तिथे प्रवचनाच्या तासाला विद्यार्थी वर्गासमोर उपदेश करतो आणि मग वर्गातले सोबतीच त्यावर बोलतात, काय पोचलं, काय नाही, शिक्षक शेवटी बोलतात. आपल्याकडे असाच प्रयोगाचा तास लावा. एक मुलगा गुरुजी, दोघं यजमान, बाकी बघणारे, पूजा गणपतीची. यजमान झालेल्या पोराने मध्येच विचारायचं, "हे कशासाठी हो गुरुजी?" आणि त्याला साध्या मराठीत, आपल्या घरात बोलतो तसं, दोन वाक्यांत उत्तर. पहिल्यांदा सगळे हसतात, दोनतीनदा झालं की उत्तरं यायला लागतात. भाद्रपदात आपल्याकडे प्रत्येक घरात गणपती, मोठी मुलं गावोगाव पूजेला जातात, तेव्हा याचा फरक यजमानच सांगतात. परत आल्यावर मात्र आठवडाभर नवी संथा ठेवू नका, जोड्यांनी फक्त जुनं. त्या धामधुमीत उजळणी कोणाचीच झालेली नसते, गुरुजींचीही नसते.

सेमिनरींवरून अजून एक, बंगालमधलं सेरामपूर (नगरचं श्रीरामपूर नव्हे), तिथलं कॉलेज १८१८ चं, त्याच्या सिनेटला देशभरातली धर्मशास्त्राची कॉलेजं जोडलेली आहेत आणि परीक्षा सामायिक. म्हणजे माझ्या मुलाला मीच शिकवलं आणि मीच पास केलं असं होत नाही. एवढी मोठी व्यवस्था आपल्याला नको, पण खाडीपलीकडच्या पाठशाळेशी तुमचं जमू शकतं. तुमचे एक गुरुजी वर्षातून दोनदा तिकडे दोन दिवस, त्यांचे इकडे. परीक्षा घ्यायला नव्हे, तेही घेतील हवं तर, मुख्य म्हणजे बसून बघायला. दाभोळला फेरी आहे, खाली तवसाळ-जयगड आहे, फार तर सकाळ जाते. मार्गशीर्ष-पौषात ठेवा, पाऊस नाही, आंब्याची गडबड नाही, चाकरमानी नाहीत. वैशाखात कोणीही येणार नाही, लग्नं आणि सत्यनारायण यातून गुरुजी सापडले तर मला कळवा.

काय चालत नाही तेही लिहितो पटापट. निरीक्षणाचे छापील फॉर्म, दहापैकी किती असले, गुरुजींना गुण दिले की संपलं. ट्रस्टींना बैठकीत बसवणं, ते आले की सगळे चांगलंच बोलतात. एकदम सगळं सुरू करणं, म्हणजे जोड्या पण, शलाका पण, प्रयोग पण, गणपतीच्या तोंडावर. आणि मोठमोठी भाषणं. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाची परंपरा मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केली, २००८ मध्ये ती यादीत गेली, प्रत्येक वार्षिकोत्सवात हे ऐकायला मिळतं, अभिमान मलाही आहे, पण त्यामुळे तुमच्या वर्गातल्या ओठ हलवणाऱ्या चार पोरांचं काही होत नाही.

स्वयंपाकाच्या काकूंना विसरू नका. कोण जेवत नाही, कोण रात्री रडतो, कोणाला घरून फोन आला की दोन दिवस बिनसतं, हे त्यांना आधी कळतं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा घर सोडून आलेला असतो, त्याचं पाठ का होत नाही याचं कारण कधीकधी स्वरात नसतंच. बैठक संपताना दहा मिनिटं त्यांना बोलवा, किंवा बैठकच स्वयंपाकघराच्या पडवीत घ्या, पोहे गरम मिळतात.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर येत्या अष्टमीच्या आधी एकच मुलगा निवडा, ना फार हुशार ना फार कच्चा, तुमच्या वर्गातला, त्यांच्या नाही. ऋचांचे दोन वर्ग म्हणायला लावून रेकॉर्ड करा, मोठ्या गुरुजींना ऐकायला बोलवा, सरांना पण बोलवा, कागद-पेन्सिल तीन जणांना. ट्रस्टींनी विचारलं शिबिराचं काय झालं तर सांगा सुरू आहे, आणि सहा महिन्यांनी त्यांना जुन्या भागाची शलाका स्वतःच्या हाताने काडी घालून घेऊ दे. पहिल्या बैठकीत खुणा कुठे जुळल्या नाहीत ते इथे लिहा, म्हणजे पुढचं त्यावर बोलू.